बेस्तरवारी तुझा नंबर

सर्जेराव, पहिली गोष्ट, उपाशी जा.
चार तास पोटात काही नको, गेटावरचा चहासुद्धा.
रक्ताचा तो किडनीवाला कागद विसरलास
तर तुर्भ्याहून वाशीला दुसरी खेप पडेल,
आणि तिथे खेपेचे पैसे कुणी देत नाही.

तळघरात आहे ते. गारठा असा,
बटाट्याच्या शीतगृहात शिरल्यासारखा.
लिटरभर गोडसर पाणी देतील बाटलीत,
तासभर थोडं थोडं प्या म्हणतील.
मी सवयीने पहिल्या दमात अर्धी संपवली,
तर पोरगी ओरडली, काका, ट्रक भरायचा नाहीये!
आगऱ्याची पोर. छातीवर पाटी, प्रणिता भोपी.
तिनेच विचारलं, दमा आहे का,
कुठल्या औषधाने अंगावर गांधी उठतात का,
साखरेची गोळी कुठली घेता.
मग म्हणाली, इथे सही.
मी अंगठा पुढे केला.
नंतर आठवलं, मला सही येते.

अंगावर धातू नको.
करदोडा लग्नापासून काढला नव्हता,
चांदीची पेटी आहे त्याला. गाठ सुटेना.
तिने कात्री नाही आणली. सावकाश सोडवा, म्हणाली.
पाकिटात घातला, वर लिहिलं,
आनंदा कोंडिबा पार्टे.
हजेरीच्या वहीबाहेर आख्खं नाव
फार दिवसांनी बघितलं.

बोगदा नाही रे तो, लोक उगाच घाबरवतात.
उभं केलेलं जातं समज, मधोमध मोठं भोक.
फळीवर उताणं झोपायचं, हात डोक्यामागे,
पोतं घेताना असतात तसेच,
फक्त पोतं नाही.

आणि मग, ऐक, फळी मला घेऊन वर उठली.
चाळीस वर्षं मी उचललं,
पोतं शंभर किलोचं होतं तेव्हापासून.
मला कुणी उचललं नव्हतं.
ती कुंथली नाही, हमाली मागितली नाही.
डोळ्यात पाणी आलं, ते गारठ्याचं असेल.

छतातून एक बाई हिंदीत सांगते, साँस रोकिए.
तुला काय शिकवायचं?
पाठीवर वजन येतं त्या घटकेला
आपण जो धरतो, तोच श्वास.
सोड म्हणेल तेव्हा सोड,
आपल्याला तेवढंच जमत नाही.

मग सुईतून औषध सोडतात.
घशापासून खाली ऊन पाणी पसरत जातं,
जिभेवर जुन्या लोखंडी मापाची चव येते,
आणि वाटतं, झालं, फळीवरच ओलं केलं आपण.
केलेलं नसतं. ती आधी सांगते, तरी वाटतंच.
उठल्यावर मी चोरून हात लावला. कोरडं होतं.

दाणाबंदरात व्यापारी पोत्यात परखी खुपसतो,
मूठभर गहू ओढून आख्ख्या गाडीचं बोलतो.
भोक आपण अंगठ्याने चोळून बुजवतो.
इथे भोक नाही, दाणा सांडला नाही,
तरी काचेपलीकडे तिला सगळा माल दिसला.
मी तिचं तोंड बघत होतो,
माल बघणाऱ्याचं बघतो तसं.
काही कळलं नाही.
रुमालाखाली बोटं दाबून ठरवतात तसा भाव तो,
डॉक्टर उद्या संध्याकाळी फोडतील.

अर्धा तास बसवून ठेवतात, मग सुई काढतात.
दिवसभर पाणी पी भरपूर, औषध निघून जातं.
दहा मिनिटांचं काम, खरं सांगतो,
बाकी सगळी वाट बघणं.
त्यात आपण मुरलेलो आहोत,
गाडी लागेपर्यंत दुपार दुपार बसतोच की.

तुझ्या करदोड्याची गाठ घरूनच सैल करून जा.
माझा अजून पाकिटातच आहे, खिशात.
काल कोपरखैरण्याला उतरलो
आणि विजार सारखी घसरतेय असं वाटत राहिलं.
बायकोने विचारलं, बांधू का?
म्हटलं, थांब जरा.